गेटावरचे अण्णा

गिऱ्हाइकांच्या घरगुती भानगडींत दिशाला काडीचा रस नव्हता. श्रीरामपुरातल्या एका लेझर कटिंगच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची. आलेला माणूस भावकीचं पुराण लावू लागला, की तिची नजर स्क्रीनवरून हलत नसे. माप सांगा, डिझाइन सांगा आणि मोकळे व्हा, असा तिचा खाक्या.

बेलापूरच्या बनुबाई दोन्ही मुलांना घेऊन आल्या, त्याही दोन मोटरसायकलींवर. त्यावरून काय समजायचं ते दिशा समजली. थोरला वैजनाथ टेबलाच्या डाव्या अंगाला उभा राहिला, धाकटा भीमा उजव्या. एकाच अंगणात दोघांची दोन घरं, बनुबाई महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे. अंगणाला एकच गेट आणि गेटाला दोन दारं. डाव्या दारातून वैजनाथची गाडी निघायची, उजव्यातून भीमाची. आता अंगणात भिंत घालून वेगळं गेट करायचं भीमाच्या मनात होतं. ते व्हायच्या आत बनुबाईंनी नव्या गेटाचा घाट घातला होता. त्यावर त्यांच्या वारलेल्या मालकांचा, छगन अण्णांचा, फेटा बांधलेला चेहरा हवा होता. पत्र्यातून कापलेला, गोल चकतीत.

"बरोब्बर मधी पायजे," बनुबाई म्हणाल्या. "केसभर हिकडं न्हाई, केसभर तिकडं न्हाई. बाप दोगांचा हाय."

असं गिऱ्हाईक दिशाला आवडायचं. तिने चकतीचा मध्यबिंदू दोन दारांमधल्या फटीच्या रेषेवर बसवला, जमिनीपासूनची उंची टाकली. निळी चकती काळी झाली. निळं म्हणजे नुसतं ठेवलेलं, माऊसने ओढलं की सरकणारं. काळं म्हणजे मापाने जखडलेलं.

"आता उघडून दाव."

दिशाने स्क्रीनवर दारं उघडली. अण्णा नाकातून दुभंगले. अर्धी मिशी वैजनाथकडे गेली, अर्धी भीमाकडे.

"अगं बया! जित्तेपनी कुनी त्येंचं नाक कापलं न्हाई, अन् तू कापलंस व्हय!"

दिशा ओशाळली. दारं उघडतात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिने तोड काढली. अख्खी चकती एकाच दारावर बाहेरून जोडायची, अर्धी शेजारच्या दारापुढे येऊ द्यायची. गेट बंद असताना अण्णा मधोमध, उघडलं तरी अखंड.

"मग माज्या दारावर जोडा," वैजनाथ म्हणाला. "थोरला मी हाय."

"अन् त्येंचा दवाखाना कुनी केला?" भीमा म्हणाला.

झालं, दोघांची जुंपली. दिशाने तोवर एक दार हलवून पाहिलं, तर स्क्रीन लाल झाली.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "गेट आत उघडतं. ज्याच्या दारावर अण्णा, त्याची चकती शेजारच्या दाराला अडते. त्याला रोज आधी भावाचं दार उघडावं लागेल, मगच स्वतःचं."

भांडण जागच्या जागी थांबलं.

"थोरल्याचा मान पयला," भीमा म्हणाला. "दादा, अण्णा तुज्याकडंच शोभत्यात."

"छे, छे! दवाखाना तू केलास. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

दिशाने पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वर केली. बनुबाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना यात नवीन काही ऐकू येत नसावं. महिना संपला की त्यांची पिशवी या घरातून त्या घरात जाताना दोघं इतकंच गोड बोलत असणार. दिशाला संताप आला. चकती लहान केली असती तर ती एकाच दारात मावली असती, कुणाला अडलीही नसती. हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

"भीमाच्या दारावर बसव," बनुबाई म्हणाल्या.

"आये, मग मला रोज दादाच्या दाराला हात लावावा लागंल!"

"लाव की. अन् वैजनाथ, तू तुज्या दाराला कुलूप घालायचं न्हाई."

दिशाने चकती भीमाच्या दाराशी जखडली, मापं टाकली. रेषा काळी झाली. मग सवयीने तिने चकती माऊसने ओढून पाहिली. ती हलली नाही.

बनुबाई टेबलावर वाकल्या होत्या.

"परत येकदा वढून बघ," त्या म्हणाल्या.