मुंगवड्या, धूर आणि मी

मित्रांनो, माझं तोंड पितळेचं आहे आणि अंग लोखंडाचं. भंडाऱ्यातल्या एका पितळेच्या कारखान्यातला मी तेलाचा जुना बर्नर. एका नळीतून मला जाड काळं तेल मिळतं आणि दुसरीतून पंख्याची हवा. तेलाचा बारीक फवारा करून मी तो हवेत मिसळतो आणि भट्टीत ज्योत सोडतो. तिथे मुशीत पितळ वितळतं आणि पुढे त्याचे पाण्याचे गुंड, लोटे, पराती होतात.

१९७४ साली मालक भय्याजींनी मला नागपूरहून आणलं. माझ्यावर नेमणूक झाली परसरामची. तो रोज जवळच्या शहापूरहून सायकलने यायचा आणि आधी माझी विचारपूस करायचा, मग चहा प्यायचा. तेल जास्त झालं की मी काळा धूर ओकतो. हवा जास्त झाली की नुसता गर्जतो आणि सगळी ऊब धुराड्यातून उडवून देतो. दोन्हींचा मेळ बसला की ज्योत फिकट सोनेरी होते. हा मेळ परसरामच्या हातात होता. मला त्याचा अभिमान वाटे आणि खरं सांगतो, स्वतःचा जरा जास्तच वाटे.

१९७९ च्या दसऱ्याला अवजारांची पूजा झाली. हातोड्यांना एकेक फूल मिळालं. मी लाडका, म्हणून माझ्या पंख्याच्या तोंडावर झेंडूची जाडजूड माळ आणि वर मूठभर कुंकू! मी नवरदेवासारखा फुगून बसलो.

दुसऱ्या दिवशी मला पेटवलं आणि भसाभसा धूर निघाला. परसरामने माळ उतरवली, माझं तोंड रॉकेलने धुतलं, तेलाची गाळणी साफ केली. धूर काही हटेना. तेल कमी केलं तर धूर थांबे, पण मग पितळ वितळेना. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी शेजारच्या कौशल्याबाई अंगणात वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांचं सूप घेऊन थेट भट्टीपाशी आल्या.

"काहून गा परसराम, ह्या मुंगवड्या हायेत का कोळशे?"

भय्याजी ओशाळले. म्हणाले, "बाई, आज संध्याकाळपर्यंत धूर थांबला नाही, त याले काढूनच टाकतो. तोंड पितळेचं हाय. मुशीतच जाईल."

मित्रांनो, पाच वर्षं जी मूस मी तापवली, तिच्यातच मी! माझी तर पाचावर धारण बसली.

"दसऱ्यापर्यंत त चांगला होता," कौशल्याबाई म्हणाल्या. "मंगच काय झालं याले?"

परसराम चमकला. त्याने पंखा बंद केला आणि त्याच्या तोंडावरची जाळी सोडवली. तिच्यामागच्या बारीक जाळीवर झेंडूच्या पाकळ्या कुंकवात आणि तेलात लडबडून पोळीसारख्या चिकटल्या होत्या. माळ उतरली होती, पण तिच्या पाकळ्या पंख्याने आधीच ओढून घेतल्या होत्या.

"घ्या! फुलं वाहून आमीच याचा गळा दाबला," परसराम म्हणाला आणि कपाळावर हात मारून हसला.

दोन्ही जाळ्या धुऊन बसवल्या. मला हवा मिळाली आणि मी एवढ्या जोरात गर्जलो की बाई दोन पावलं मागे सरल्या. परसरामने तेल हळूहळू वाढवलं. धुराड्यावर धुराची पुसट रेघ दिसताच हात थांबवला आणि हवेची चावी किंचित उघडली. रेघ विरली. मुशीतलं पितळ पाण्यासारखं हलू लागलं.

कौशल्याबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी घरधन्याचं पांढरं धोतर आणून धुराड्याचा वारा येतो तिथे दोरीवर बांधलं. "डाग पडला, त तूच धुशील!"

दिवसभर मी जीव ओतून जळलो. संध्याकाळी बाईंनी धोतर उतरवलं, उलटंसुलटं पाहिलं. कुठेच डाग नव्हता.

"तेलाचा वास येते थोडासा," त्या म्हणाल्या आणि गालात हसत घरी गेल्या. भय्याजींनी परसरामच्या पाठीवर थाप मारली. मुशीत जायचं संकट टळलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच भट्टीवर राबलो. तेव्हा मित्रांनो, माझ्या वयाला मान देऊन एवढं ऐका. यंत्र असो की माणूस, ज्याच्यावर माया आहे त्याला हार जरूर घाला. पण दुसऱ्या दिवशी त्याला नीट श्वास घेता येतो ना, तेही पाहायला या.