वऱ्हाडचा नेम

चातुर्मासात लग्नं नसतात. त्यामुळे मलकापुरातलं राजकुमारशेठचं मंगल कार्यालय चार महिने रिकामं असतं, आणि रिकाम्या कार्यालयाचा मालक काहीही करू शकतो. शेठ गोव्याला गेले होते. तिथे कुठल्याशा हॉटेलात भिंतीवर टांगलेल्या गोल फळीवर लोक डार्ट, म्हणजे बोटभर टोकदार बाण, फेकतात हे त्यांनी पाहिलं आणि परत येऊन जिल्हा प्रोफेशनल डार्ट्स लीग काढली. प्रोफेशनल का, तर खेळाडूंना पाठीवर नाव छापलेला टी-शर्ट आणि दुपारी वरण-बट्टीचं जेवण मिळणार होतं.

आठ संघ होते. मलकापूर मास्टर्स, बीबी ब्लास्टर्स, वरवट बकाल वॉरियर्स आणि अशाच थाटाचे आणखी पाच. संघ म्हणजे एकेकच माणूस. आठ माणसं आणि आठ झेंडे. सात रविवार साखळी सामने, आठव्या रविवारी फायनल.

मलकापूर मास्टर्स म्हणजे माझे यजमान, गोकुळ. त्यांचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. त्यांचा नेम चांगला आहे, हे मी नाकारत नाही. लहानपणी विंचवाला दगड मारायचे तर नांगीच तुटायची, असं सासूबाई सांगायच्या. पण देवाने नेम देताना वजाबाकी द्यायची ठेवली. दुकानात साताच्या पाढ्यालाही त्यांना कॅल्क्युलेटर लागतो.

आणि हा खेळ तर वजाबाकीचाच. पाचशे एकपासून सुरुवात करायची. फळीवर एक ते वीस आकड्यांची घरं. एका खेपेला तीन डार्ट. जितके गुण पडतील तितके वजा होतात आणि शेवटी बरोबर शून्यावर यायचं. त्यातही शेवटचा डार्ट डबलमध्येच लागला पाहिजे, म्हणजे फळीच्या कडेच्या बारीक पट्टीत, जिथे गुण दुप्पट होतात. जास्त गेलं किंवा डबल नसलं तर ती सगळी खेप बाद, आणि आकडा होता तिथे परत.

मी शाळेत गणित शिकवते. म्हणून शेठनी मला पंच केलं. "वहिनी, तुमच्याशिवाय हे आकडे कोन सांभाळीन?" नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. त्याचं मराठी मीच केलं. त्यातला एक नियम असा होता, की पंचाने उरलेला आकडा मोठ्याने सांगावा, पण तो कसा संपवावा हे खेळाडूला सांगू नये.

तो नियम मी पहिल्याच रविवारी मोडला.

झालं असं, की गोकुळना बत्तीस उरले होते. सोळाचं डबल मारलं की संपलं. ते फळीकडे डार्ट काढायला आले. त्यांचा चेहरा तोंडी परीक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा झाला होता. हळूच म्हणाले, "आता काय माराचं बे?"

घरात ते मला कधी 'बे' म्हणत नाहीत. इतके घाबरले होते. मला दया आली, किंवा लाज वाटली, हे आता नक्की सांगता येत नाही. मी बाजूच्या फळ्यावर आकडा लिहिता लिहिता ओठातल्या ओठात म्हटलं, "सोळाचं डबल." त्यांनी मारलं. हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या.

मग तीच सवय लागली. ते डार्ट काढायला यायचे, आमची डोकी क्षणभर जवळ यायची आणि मी सांगायचे. "आधी तेरा, मग सोळाचं डबल." "आधी एकोणीस, मग वीसचं डबल." तिसऱ्या रविवारी त्यांनी बीबीच्या संघपालला हरवलं. संघपाल जनावरांच्या दवाखान्यात लस टोचायचं काम करतो आणि दोन एसट्या बदलून मलकापूरला यायचा. गोकुळ जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हशीले सुई टोचनं आन हे येगळं असते बावा." सगळे हसले. संघपालने बट्टी कुस्करून वरणात कालवली आणि जेवत राहिला.

सात रविवारांत गोकुळनी सातही सामने जिंकले. संघपाल फक्त तो एक सामना हरला होता. म्हणजे फायनलला हेच दोघं.

या सात आठवड्यांत गोकुळचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. आधी त्यांनी शर्टाच्या पाठीवर 'वऱ्हाडचा नेम' छापून घेतलं. मग दुकानात कापूस-सोयाबीनची चौकशी करायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते एकाग्रतेवर भाषण देऊ लागले. मग चहात साखर बंद केली, कारण मोठे खेळाडू साखर खात नाहीत. आणि हळूहळू, मी सांगते म्हणून आपण जिंकतो, हे ते खरोखरच विसरले. खोटं बोलणारा माणूस निदान खरं काय ते आठवणीत ठेवतो. यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

सातव्या रविवारी केबलवाला मुलाखत घ्यायला आला. त्याने विचारलं, "गोकुळभाऊ, एवढा हिसाब कसा जमते तुमाले?"

"हिसाब डोक्यात पायजे," गोकुळ म्हणाले. "जलमताच असा लागते तो."

"वहिनी गणिताच्या मॅडम हायेत. त्यायची मदत होत असंन?"

गोकुळ हसले. मी चार हातांवर फळा पुसत उभी होते. "तिचं काम आकडे लिवाचं. किती उरले ते बी मीच सांगतो तिले."

शेठ मोठ्याने हसले, मग हॉल हसला. मी फळा पूर्ण पुसला, डस्टर जागेवर ठेवलं आणि ठरवलं.

त्या आठवड्यात ते रोज दुकानातून येताना नव्या डार्टची डबी खिशात वाजवत येत. पाढ्यांचा कागद मी मुद्दाम टेबलावर ठेवला होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

फायनलला हॉल भरला होता. शेठनी दारावर बॅनर लावलं होतं आणि त्यावर एकट्या गोकुळचाच फोटो होता. तीन डाव होते, जो दोन जिंकेल तो विजेता.

पहिला डाव गोकुळनी घेतला. चाळीस उरले होते. चाळीसला वीसचं डबल मारायचं, एवढं सात आठवड्यांत कोंबड्यालाही कळलं असतं. दुसऱ्या डावात ते डार्ट काढायला आले आणि थांबले. मी मोठ्याने म्हटलं, "सत्तावन्न." आणि फळ्याकडे वळले. ते आणखी थांबले, मग गेले. चार खेपा ते त्या सत्तावन्नाभोवती फिरत राहिले. तेवढ्यात संघपालने डाव संपवला.

तिसऱ्या डावात गोकुळ बरोबरीने चालले होते. नेम खरंच चांगला होता त्या दिवशी. त्यांना पंचेचाळीस उरले होते, संघपालला बत्तीस, आणि पाळी गोकुळची होती.

रेषेवर जायच्या आधी ते फळ्याजवळ आले. कपाळावर घाम होता.

"सांग ना," ते पुटपुटले.

"पंचेचाळीस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"ते दिसून राह्यलं मले. काय मारू?"

मी मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्याकडे बघितलं नाही.

ते रेषेवर गेले. पहिला डार्ट सवयीने विसावर टाकला. वीस पडले, पंचवीस उरले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. फळीच्या मध्यभागी लाल ठिपका असतो, त्याचे पन्नास. त्याभोवती हिरवी कडी असते, तिचे पंचवीस. पंचवीस उरले आणि पंचवीसची कडी समोर! त्यांनी डोळा बारीक केला, फेकला, आणि डार्ट बरोबर हिरव्या कडीत रुतला.

हॉल उठला. गोकुळनी दोन्ही हात वर केले. शेठ हार घेऊन निघाले. कुणीतरी ढोल वाजवला. फळीवर बघण्यासारखा नेम होता तो, कडीच्या अगदी मधोमध.

मी ढोल थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, "बाद. लाल ठिपका डबल धरतात, हिरवी कडी धरत नाहीत. पंचेचाळीस."

"काय बाद?" शेठ म्हणाले. "वहिनी, शून्य झालं ना!"

"शून्य डबलने व्हायला पाहिजे. पान चार."

"मंग पुना टाकू द्या एकडाव त्यायले."

"संघपालची पाळी आहे."

शेठ हार हातात धरून तसेच उभे राहिले. गोकुळ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. दुकानात वीज गेल्यावर बघतात तसे.

संघपाल रेषेवर आला. पहिला डार्ट फळीबाहेर गेला. दुसरा सोळाच्या साध्या घरात पडला, सोळा उरले. तो थांबला नाही, कुणाकडे बघितलं नाही. तिसरा आठच्या डबलमध्ये. संपलं.

टाळ्या झाल्या, जेवढ्या व्हायला पाहिजेत त्यापेक्षा कमी. शेठनी तोच हार त्याच्या गळ्यात घातला आणि फोटो काढायच्या वेळी फोन घ्यायला बाजूला गेले.

मी संघपालला बाहेर गाठलं. तो जिंकलेला कप पिशवीत घालत होता, एसटीत लोक विचारतील म्हणून वरून टॉवेल टाकत होता.

"मला एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही तिसऱ्या रविवारी हरलात, तेव्हा—"

"माहीत हाय मॅडम. त्यायनं डार्ट काढले का तुमचे ओठ हालत."

"मग तक्रार का नाही केली?"

"कोनाकडं करू? पंच तर तुमीच होत्या." त्याने पिशवीची गाठ मारली. "म्हनून मंग घरी वजाबाक्या केल्या. एकशे सत्तरपासून खाली, तीन डार्टांत त्याहून मोठा आकडा संपत नाई. सगळ्या पाठ हायेत आता."

"आज मी काही सांगितलं नाही त्यांना."

"पायलं मी." तो पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलला. "पन ते मायासाठी नाई केलं तुमी. तुमच्या घरचं भांडन होतं ते. सात रविवार नियम पुस्तकातच होता ना?"

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि स्टँडकडे चालायला लागला. मी नमस्कार केला होता. तो त्याने घेतला नाही, किंवा त्याला दिसला नसेल.

त्या आठवड्यात मी लीगला पत्र लिहिलं. सातही सामन्यांत मी काय केलं ते तारखेवार, आणि माझी सही. शेठनी ते कार्यालयात बसून वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

"वहिनी, हे कोनाले दाखवू नका. लीगची इज्जत हाय."

"कसली इज्जत?"

"पुढच्या वर्षी बारा संघ हायेत," ते म्हणाले.

मग मी त्याच पत्राच्या सात प्रती काढल्या आणि सात खेळाडूंना पोस्टाने पाठवल्या. वरवट बकालच्या वंदनाचा फोन आला. ती अंगणवाडीत आहे, आणि गोकुळकडून फक्त एका डार्टने हरली होती. तिने मला दहा मिनिटं झापलं. मी ऐकून घेतलं. बाकीच्यांनी काही कळवलं नाही. संघपालनेही नाही.

पुढच्या आठवड्यात गोकुळ दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की फळीवरचा दिवा तिरपा होता. हळूहळू तो दिवा अख्ख्या बाजारपेठेला माहीत झाला.

यंदा दुसरा हंगाम झाला. शेठनी आकडे दाखवणारं मशीन आणलं होतं, पंच म्हणून कुणी नव्हतं. गोकुळ बारा जणांत दहावे आले. पहिल्याच रविवारी वंदनाने त्यांना सरळ दोन डावांत हरवलं. मी तिसऱ्या रांगेत बसून बघत होते. सामना संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मशीनमदीच काहीतरी गडबड हाय."

मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. पुढचा पेपर घेतला.