ज्युरीत बसायचंय

पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, गिरीश देवपुजारींनी लेकीला फोन करून सांगितलं की आपल्याला आता अमेरिकेचं नागरिक व्हायचंय. लेक उत्तरा फिलाडेल्फियाला फेडरल अपील कोर्टात न्यायाधीश होती. पन्नास वर्षं ज्यांनी घरात हा विषय काढू दिला नव्हता, ते आपण होऊन हे बोलत होते.

गिरीशराव नागपूरच्या जिल्हा कोर्टातले वकील. ते उलटतपासणीला उभे राहिले की शेजारच्या कोर्टातले वकील दाराशी येऊन थांबत, असं आई सांगायची. आई, रत्ना, नर्स होती. चौऱ्याहत्तर साली न्यू जर्सीच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी मिळाली आणि चार वर्षांच्या उत्तराला घेऊन दोघं आले. इथे वकिली करायची तर पुन्हा शिकायला हवं होतं. आधी घर मार्गी लागू दे, मग बघू, असं ठरलं. घर मार्गी लागलं. ते 'मग' काही आलं नाही. गिरीशराव औषधांच्या गोदामात सुपरवायझर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. मात्र भारतीय पासपोर्ट दर दहा वर्षांनी न्यूयॉर्कला जाऊन नवा करून आणायचे. सनद शाबूत आहे, परत जाऊन कोट चढवायचाच अवकाश, असं म्हणायचे. पुढे म्हणेनासे झाले, तरी पासपोर्ट नवा होत राहिला.

उत्तरा वकील झाली ती आईकडून त्यांच्याबद्दल ऐकून. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची कामं तिने बारा वर्षं चालवली. मग ट्रेंटनला नऊ वर्षं ट्रायल कोर्टाची, म्हणजे साक्षी-पुरावे जिथे होतात त्या खालच्या कोर्टाची न्यायाधीश. तिथे तिच्या शपथविधीला गिरीशराव आले, पण पुन्हा आले नाहीत. नुसतं बघायला कशाला, म्हणायचे.

मग बढती मिळाली. आईबाबा राहायचे त्या एडिसनच्या मराठी मंडळींनी शाल-श्रीफळ दिलं. पण अपील कोर्टात माणसं येत नाहीत, कागद येतात. खालच्या कोर्टात कोण काय बोललं ते टाइप होऊन येतं, दोन्हीकडचे वकील पंधरा-पंधरा मिनिटं बोलतात आणि तीन न्यायाधीश निकाल लिहितात. वाचता वाचता उत्तरा अडायची. ही बाई 'मला आठवत नाही' म्हणाली, ते भीतीने की कंटाळून? ट्रेंटनला तिने साक्ष देताना रुमालाला गाठी मारणारे हात पाहिले होते. ते दिवस तिला आठवत राहायचे. एवढ्या मोठ्या पदावर बसून खालच्या कोर्टाची ओढ लागते, हे कुणाला सांगायचं?

बाबांचा फोन आला त्या शनिवारी ती ड्राइव्ह करून एडिसनला त्यांच्याकडे गेली.

"बाबा, पण आत्ताच का?" तिने विचारलं.

गिरीशरावांनी चहा गाळून कप तिच्यापुढे ठेवला. "मला ज्युरीत बसायचंय. नागरिकांनाच बोलावतात ना? वकील म्हणून उभं राहणं आता होत नाही. निदान साक्षीदार बोलेल आणि मला ते ऐकावं लागेल. माझ्या ऐकण्यावर काही ठरेल."

"मी पण ते मिस करते," उत्तरा हळूच म्हणाली. "ऐकणं."

गिरीशरावांनी हातातली गाळणी खाली ठेवली. "मला वाटायचं, तू वर गेलीस म्हणजे खूश असशील."

नेवार्कला साठ जणांचा शपथविधी झाला. शपथ द्यायची परवानगी उत्तराने मागून घेतली होती. ती एकेक वाक्य वाचत होती, लोक मागून म्हणत होते. आधीच्या देशावरची निष्ठा सोडल्याचं वाक्य आलं, तेव्हा साठ आवाजांतला एक कमी झालेला तिला कळला. ती पुढचं वाक्य वाचेना. मग गिरीशरावांनी एकट्याने ते वाक्य सावकाश, अडखळत पूर्ण केलं.

अकरा महिन्यांनी काउंटी कोर्टाचं, म्हणजे इथल्या जिल्हा कोर्टाचं, ज्युरीसाठी बोलावणं आलं. पंचाहत्तरीपुढच्यांना नकार देता येत होता. गिरीशरावांनी दिला नाही. उत्तरा रजा घेऊन सोबत गेली आणि मागच्या बाकावर बसली.

ज्युरी निवडण्यासाठी न्यायाधीशबाईंनी एकेकाला व्यवसाय विचारला. गिरीशराव खुर्चीला धरून उभे राहिले.

"मी वकील आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "नागपूर जिल्हा कोर्ट."

उत्तराने हा आवाज घरी कधी ऐकला नव्हता. चढा नव्हता, पण थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

थोड्याच वेळात एका बाजूच्या वकिलाने त्यांना वगळलं. कारण सांगायची गरज नसते. गिरीशरावांनी न्यायासनाला मान लववली आणि ते बाहेर आले.

गाडीत बसल्यावर गिरीशरावांनी पट्टा लावला.

"पुन्हा कधी बोलावतील?"

"तीन वर्षं तरी नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुला खालच्या कोर्टात परत बसता येतं का?"

येतं, ती म्हणाली. तिथे कामाचा फार ताण असला आणि मुख्य न्यायाधीशांनी नेमलं तर थोडे आठवडे, एखाद्या खटल्यापुरतं.

"मग मागून घे. मी मागायला पन्नास वर्षं लावली."

सोमवारी तिने मुख्य न्यायाधीशांना पत्र पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. गिरीशराव रोज संध्याकाळी पाचला फोन करतात, "आलं का?" एवढंच विचारतात. नाही म्हटलं की फोन लगेच ठेवत नाहीत. दोघं थोडा वेळ तसेच थांबतात.