लाल चित्रातली इंग्रजी अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. आजारी माणसांना घरी ऑक्सिजन पुरवणाऱ्या यंत्रात मी राहतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर सूचना दाखवतो. बारा वर्षांपूर्वी पेरुंगुडीच्या एका ऑफिसात पुष्करने मला घडवले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. मला इंग्रजीच तेवढे येत होते आणि माझी सगळी वाक्ये कोडात रुतलेली होती.

यंदा मला तमिळ आणि मराठी शिकवायचे ठरले. काम त्याच ऑफिसातल्या रंजनीकडे आले. तिने एकेक वाक्य कोडातून उपसून वेगळ्या फाइलीत ठेवले, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना कोडाला हात लावायला नको. मग फाइलीतल्या प्रत्येक वाक्याला खुणेच्या चांदण्या लावल्या. पडद्यावर बिनचांदणीचे वाक्य दिसले, की ते कोडातच राहिले असे समजायचे.

तपासताना लाल इशारा आला, त्यावर एकही चांदणी नव्हती. रंजनी थबकली.

“अगं, ते चित्र आहे, वाक्य नाही,” पुष्कर म्हणाला. “पुढे चल, सोमवारी पाठवायचंय.”

माझा जीव खालीवर होऊ लागला. ‘नळी तपासा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे घाईघाईत त्या चित्रातच रंगवली होती, आणि तीही पुष्करनेच. तो साफ विसरला होता. मी सांगणार कसे?

शनिवारी रंजनी तिरुवल्लिकेणीला जनकोजीमामांकडे गेली. मामा निवृत्त बसड्रायव्हर. घरात तंजावरी मराठी बोलत, पण वाचता येई ते तमिळच. त्यांच्या यंत्रातही मीच होतो. तिने माझे तमिळ रूप त्यात घातले. मामा हरखून एकेक सूचना मोठ्याने वाचू लागले. नीट दिसावे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खुर्चीचा पाय नळीवर आला.

लाल चित्र झळकले. मी जिवाच्या आकांताने ओरडू लागलो. मामांनी न बघताच बटण दाबले.

“मामा, हे काय केलंत?”

“हें लाल नेहमी येतें, कण्णा,” मामा लाडाने म्हणाले. “बटण दाबितों, गप होतें.”

“आणि तुम्हाला धाप लागते ती?”

“वय झालें गे.”

रंजनीने खुर्ची ढकलून नळी मोकळी केली. तिने तिथूनच पुष्करला फोन लावला.

“सोमवारी काही पाठवायचं नाही. तुझ्या चित्रात अक्षरं आहेत.”

पुष्करने ते चित्र उघडून पाहिले. मग म्हणाला, “मीच काढलं होतं गं ते.”

आता चित्रात अक्षरे नाहीत आणि त्याखाली तमिळ वाक्य उमटते. तरी मला चैन नाही. माझ्यासारखे कितीतरी प्रोग्रॅम घराघरांतल्या यंत्रांत न कळणाऱ्या भाषेत ओरडत असतील.

मित्रांनो, तुमच्या घरच्या यंत्रावर लाल दिसले, तर बटण दाबण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, “हे वाचता येतं का?” ती नाही म्हणाली, तर आम्हाला घडवणाऱ्यांना कळवा. मामा सहा वर्षे ते बटण दाबत होते.