ओव्हनमधलं मोठं पातेलं

डॉक्टरांनी सिरिलोचं तळलेलं खाणं बंद केलं, तेव्हा त्याच्या बायकोने, ओफेलियाने, कालच्या उरलेल्या तोर्तियांचे, म्हणजे मक्याच्या पोळ्यांचे, त्रिकोण कापले आणि जाहीर केलं, "आज हे भाजायचे. ॲव्होकाडोच्या चटणीबरोबर खायला. तेलाचा थेंब नाही!"

"भाजणार कशात?"

"ओव्हनमध्ये. गॅसखाली तो काय शोभेला ठेवलाय?"

सिरिलो चटकन ओव्हनसमोर जाऊन उभा राहिला. मेक्सिकोच्या पुएब्ला शहरातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच त्यांचाही ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाट. लग्नापासून तो एकदाही पेटला नव्हता. म्हणूनच तर सिरिलोने त्यातल्या मोठ्या पातेल्यात चिचारोनची, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कातडीची, पिशवी दडवली होती.

"तू बस गं, मी करतो रिकामा," तो म्हणाला. जन्मात स्वतःचं ताट न उचललेला माणूस गुडघे टेकून तवे काढू लागला.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

मोठं पातेलं लेकरासारखं छातीशी धरून तो अंगणात पळाला.

त्रिकोण मस्त कुरकुरीत झाले, पण सिरिलोला ते पुठ्ठ्यासारखे लागले. "झकास जमलेत," म्हणत त्याने दोन गिळले आणि हळूच अंगण गाठून पातेल्याचं झाकण उघडलं. पिशवी अर्धी रिकामी होती. तिच्या तोंडाला ओफेलियाचा केसांचा चाप लावलेला होता.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "सगळं एकटेच फस्त करू नका. हे पुठ्ठे माझ्याही घशाखाली उतरत नाहीयेत!"