सोजराबाईंनी न प्यायलेलं पाणी

मित्रांनो, माझ्या अंगावर हे जे बारीक बारीक खळगे दिसतात, ते म्हातारपणाचे पोचे नव्हेत हो. मलकापूरच्या एका तांबटाने हातोडीने ठोकून ठोकून मला घडवलं, त्याची ती नक्षी आहे. मी तांब्याचा जुना गडवा. शहाणी माणसं ज्याला तांब्या म्हणतात, त्याला आमच्या वऱ्हाडात गडवा म्हणायचं. पाणी भरावं आणि पाजावं, एवढंच माझं काम. तेवढ्या कामात कसलं पाप घडणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

बाजारातून मला भगवंतरावांनी घरी आणलं. वडनेर भोलजीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावाचे ते पुढारी. जिल्हा परिषद नवी नवी झाली, तेव्हा तिथेही निवडून गेले. माणूस सरळ, बोलणं मोजकं. गावात तंटा झाला की दोन्ही बाजू त्यांच्या ओसरीवर येत. भगवंतराव ऐकून घेत, निकाल सांगत आणि मग मला भरून आणायला लावत. एकाने ओंजळ धरायची, दुसऱ्याने माझ्यातलं पाणी त्या ओंजळीत ओतायचं, मग उलट. पाणी प्यायलं की तंटा मिटला. पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, ही गावाची रीत.

"कोर्टात एक जितते अन् एक हारते," भगवंतराव म्हणायचे. "पाण्यावर दोघंबी आपापल्या घरी जातेत. न्यायापरीस मनं जुळणं मोठं हाय."

आठ वर्षांत गावातला एकही दावा मलकापूरच्या कोर्टात गेला नाही. लोक मला हात लावून नमस्कार करू लागले. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणसंसुद्धा खाली उतरत नाहीत, मी तर साधं भांडं.

मग सोजराबाईंचा तंटा आला.

सोजराबाई आणि पंजाबराव यांची एकच विहीर. दोघांची वावरं, म्हणजे शेतं, एकमेकांना लागून. पंजाबराव हे भगवंतरावांचे चुलतभाऊ. आठ दिवसांच्या फेऱ्यात चार दिवस मोट सोजराबाईंच्या घरची, चार दिवस पंजाबरावांची, अशी बापजाद्यांपासूनची पाळी. सोजराबाईंचे यजमान मोतीराम वारले, आणि पंजाबराव म्हणू लागले, "पाळी मोतीरामची होती. बाईमाणसाले मोट हाकलनं जमते का? एक दिवस पुरे तिले."

सोजराबाई ओसरीखाली उभ्या राहून एवढंच बोलल्या, "मिरची लावली हाय, भाऊ. एका दिवसाच्या पाण्यात ते जगत नाही."

भगवंतरावांना न्याय कळत नव्हता असं नाही. पण पुढच्या आठवड्यात गावात त्यांचा सत्कार ठरला होता. बुलढाण्याहून मोठी माणसं येणार होती, तंटा नसलेलं गाव पाहायला. त्यात हा तंटा उघडा राहिला तर नाक कापलं जाणार. शिवाय पंजाबराव घरचेच. ते म्हणाले, "बाई, दोन पावलं मांगं या. यंदा एक दिवस घ्या, पुढं पाहू. गावाचं नाव हाय."

मला भरून आणलं. पंजाबरावांनी मला कलतं केलं. सोजराबाईंनी पदर पुढे ओढून ओंजळ धरली, आणि मी पाहिलं की त्यांनी बोटं सैल सोडली होती. माझ्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीतून सरळ भुईवर पडत होतं. एक थेंबही तोंडात गेला नाही. पायाशी चिखल झाला. मी वरून पाहत होतो, आणि भगवंतराव समोरून पाहत होते. त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, "मिटलं."

मित्रांनो, मी पंजाबरावांच्या हातातून निसटू शकलो असतो का? भांड्याच्या हातात काय असतं, असं म्हणून मी पुष्कळदा मनाची समजूत घातली. पण खरं सांगतो, त्या वेळी निसटावं असं मला वाटलंसुद्धा नाही. लोक वाहवा करत होते आणि मला ती गोड लागत होती. हीच गोष्ट मला आजही खाते.

सत्काराच्या दिवशी मला घासूनपुसून, हळदकुंकू लावून मंडपातल्या टेबलावर ठेवलं. भाषणं झाली. पाहुण्यांपैकी एकाला हौस आली. तो म्हणाला, तुमची रीत आम्हाला प्रत्यक्ष दाखवा. मंडपात कोणीतरी म्हणालं, आत्ताच मिटलेला तंटा आहे की. झालं, पंजाबराव आणि सोजराबाईंना वर बोलावलं.

पंजाबरावांनी मला उचललं. सोजराबाईंनी हात पुढे केलेच नाहीत.

"मांगच्या येळीबी म्या पाणी पेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मिरची वाळून राह्यली माही. भगवंतभाऊंनी पाह्यलं होतं, इचारा त्याह्यले."

भगवंतरावांना एक शब्द पुरला असता. बाई खोटं बोलते म्हटलं असतं, तर साऱ्या गावाने त्यांचंच खरं मानलं असतं. मी घाबरून गेलो होतो, कारण ते तसं म्हणतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं असंही वाटलं. माझी अब्रू त्यांच्या अब्रूला बांधलेली होती.

ते उठले. "खरं हाय," ते म्हणाले. "म्या पाह्यलं, अन् मान फिरवली. आजच्या या हारासाठी घाई केली म्या. न्याय न देता मनं जुळवाले गेलो. उद्यापासून बाईची चार दिवसाची पाळी बाईले."

पंजाबराव मला टेबलावर आपटून मंडपाबाहेर गेले. पुढे दोन वर्षं त्यांनी भगवंतरावांच्या घरचं पाणी तोंडात घेतलं नाही.

भगवंतराव सोजराबाईंपुढे आले, वाकले आणि स्वतःची ओंजळ धरली. गुन्हा माझा, तुमच्या हातचं पाणी मला द्या, असा त्याचा अर्थ. सोजराबाईंनी मला हातात घेतलं. सांडलेलं पाणी भरून कोणीतरी मला पुन्हा काठोकाठ केलं होतं. थोडा वेळ त्यांनी मला तसंच धरलं, मग हळूच खाली ठेवलं.

"पाळी घेतो, भाऊ. ते माहीच हाय," त्या म्हणाल्या. "पाणी मनातून आलं तं देईन."

ते कधी आलं नाही. त्या वर्षीची मिरची तर गेलीच. भगवंतराव त्यानंतर कोणाचाही निकाल सांगण्याआधी स्वतः वावरात जाऊन पाहत, आणि ज्याची बाजू पडती असेल त्याला आधी एकट्याला बोलतं करत. पाणी प्या, असं मात्र त्यांनी पुन्हा कोणालाच म्हटलं नाही. "ते ज्याचं त्यानं म्हणावं," म्हणत.

ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी मला तुमच्या शाळेला दिलं. काचेच्या कपाटात मी बसलो आहे आणि खाली पाटी लावली आहे: 'या गडव्याच्या पाण्याने गावाचे सगळे तंटे मिटले.' मंडपातली गोष्ट गाव सोयीने विसरून गेलं. गुरुजी तुम्हाला पाटी वाचून दाखवतात, तुम्ही टाळ्या वाजवता, आणि मला तोंड लपवायला जागा नसते.

मित्रांनो, दर पंधरा ऑगस्टला तुम्ही मला चिंच लावून घासता, ते एक वेळ राहू द्या. मी हिरवा पडलो तरी चालेल. फक्त त्या पाटीवर एक ओळ वाढवा: सोजराबाई हे पाणी प्याल्या नव्हत्या.