‘सेनो’ म्हणायचा दिवस

गोळी डाव्या गालातून उजव्या गालात गेली, दातावर आपटून टक् वाजली, आणि चिहारु कुसाकाला वाटलं, ट्रकच्या एवढ्या घरघरीतही शेजारी बसलेल्या हिगाकीला ती ऐकू गेली असणार. आलं-मधाची, घशाची गोळी. कंपनीच्या ट्रक-यार्डाच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून सकाळी घेतली तेव्हा दुकानदारणीने विचारलं होतं, सर्दी झाली का गं? छे हो, आज मला शब्द द्यायचाय, असं ती बोलून गेली, आणि बाईचे डोळे असे काही चमकले — अगंबाई, कुणाला? — की पुढचं काही सांगायची सोयच उरली नाही. काय सांगणार? की कोण्या अनोळखी माणसाचं वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचंय, आणि ते उचलताना ‘सेऽऽनो’ म्हणायचं काम आज माझ्याकडे आहे, आणि एवढ्याशा शब्दापायी मला पहाटेपासून डोळ्याला डोळा नाही?

पण होतंच तसं. सामान हलवायच्या कामात दोन वर्षं काढली, ओसाकातले लिफ्ट नसलेले असतील-नसतील ते जिने पायांखालून गेले — पण शब्द नेहमी दुसऱ्याचा. कुणीतरी म्हणायचं ‘सेऽऽनो’, आणि मी उचलायचं. आज मी म्हणणार. मी म्हणेन तेव्हाच ओझं हलेल, नाहीतर हलणार नाही… ही कल्पनाच अशी होती की छातीत काहीतरी उड्या मारत होतं आणि पाय एका जागी ठरत नव्हते.

“काय गं हाकाता, गाण्याचा कार्यक्रम आहे का आज?” हिगाकीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. ती हाकाताची, पार दक्षिणेकडची, म्हणून तो तिला गावाच्याच नावाने हाक मारायचा. कुसाका म्हणायचा तो फक्त चिडल्यावर.

“घसा साफ असलेला बरा, हिगाकीसान.”

“उतावळेपणाने गुडघ्याला बाशिंग बांधलंयस. असू दे, असू दे. वेळेवर गुडघे वाकव म्हणजे झालं.”

ती खळखळून हसली. हिगाकी परतल्याचा आनंद त्यात होताच. जानेवारीत त्याच्या कंबरेत उसण भरली आणि माणूस अख्खा हिवाळा घरात आडवा होता. त्या दिवशी जोडीला कुणी नवा गडी होता, आणि दोघांचा शब्द जुळला नाही. ‘सेऽऽनो’ म्हटल्यावर हिगाकीने ‘नो’वर उचललं, तो गडी ‘नो’ संपल्यावर, एक श्वास घेऊन उचलणारा. तेवढा अर्धा क्षण अख्खा फ्रिज एकट्या हिगाकीच्या हातात आला. बस्स, तेवढाच. फ्रिजवर ओरखडासुद्धा नाही, आणि हिगाकी जमिनीवर. तेव्हापासून यार्डात नियम झाला — शब्दाचा मालक एकच, आणि उचलायचं ते ‘नो’वर. वरच्या साहेबाने, शिबाहाराने, हिगाकीला परत घेताना आणखी एक सांगितलं होतं, सगळ्यांदेखत, चांगल्या शब्दांत पण सांगितलं होतं: पुन्हा कंबर धरली तर मात्र टेलिफोनच्या टेबलापाशी बसायचं, कायमचं. डॉक्टरांचं तर याहून वाईट होतं. पुन्हा झालं तर पाय धड राहतील याची खात्री नाही म्हणे.

पण आज सकाळी यार्डातल्या गोलात, व्यायाम झाल्यावर, सगळे एकेका गोष्टीकडे बोट रोखून ओरडले — बूट, योशी! हातमोजे, योशी! कंबर, योशी! — तेव्हा सर्वांत मोठा आवाज हिगाकीचा होता. योशी, म्हणजे ठीक. त्याने कंबरेकडे बोट असं काही रोखलं की बाजूची दोन माणसं हसली. आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, आज शब्द तुझा. मी खालच्या बाजूला. सगळ्यांसमोर म्हणाला! बाई माणसाबरोबर जोडी नको म्हणणारे तिथेच उभे होते, त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती… वा, हिगाकीसान, वा!

टेकडीवरच्या जुन्या वसाहतीत निशिवाकीबाई दार उघडं टाकून वाटच बघत होत्या. मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. बाकी सगळं दोघांनी उतरवून झालं आणि शेवटी ते धूड राहिलं — ड्रमचं वॉशिंग मशीन, मुलानेच कधी घेऊन दिलेलं. पाणी काढलं, ड्रम बांधला, रजई गुंडाळली, खालून पट्टा घातला. निशिवाकीबाई भोवती भोवती होत्या.

“वर चढवताना दुकानच्या त्या पोरांना एवढी धापसुद्धा लागली नव्हती हो,” त्या म्हणाल्या.

“पोरं लबाड असतात, बाई,” हिगाकी म्हणाला. “धाप बाहेर जाऊन टाकतात.”

आणि मग आलंच ते. तो खालच्या बाजूला, पाठमोरा; जिना उतरताना खालच्याला पायरी दिसत नाही, ती दिसते वरच्याला, म्हणून शब्द वरच्याचा. ती वर. गुडघे वाकलेले, ओझं पोटाशी, पाठ ताठ — कंबर पिळायची नाही, वळायचं तर पाय वळवायचे, कंबर काय टॉवेल आहे का पिळायला, हे त्याचंच वाक्य, शंभरदा ऐकलेलं. समोर त्याचं डोकं, विरळ झालेले केस, वर उचललेले दोन डोळे. वाट बघणारे. माझी वाट बघणारे. एवढा मोठा माणूस, ज्याच्या हाताखाली मी ओझं धरायला शिकले, तो माझ्या तोंडाकडे बघतोय…

“सेऽऽनो!”

आणि उठलं ते! अगदी अलगद, दोन्ही बाजूंनी एकदम, जणू ते स्वतःच उठायचं म्हणत होतं आणि यांनी नुसता हात लावला. पायरी, पायरी, पायरी… ती सांगत गेली, तो उतरत गेला. पहिला चौक, जिना वळतो तिथला. ठेवलं. ‘ठेवा’ हाही शब्द तिचाच. अंगावर काटा आला होता, घाम फुटला होता, आणि ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं — आईला? आईला हे सांगायला हवं होतं.

आई डबे करणाऱ्या कारखान्यात होती. भाताची भलीमोठी पातेली वाफेवरून उतरवायची, ती आणि मावशी, दोघी दोन बाजूंनी. आणि उतरवताना दोघी एका सुरात म्हणायच्या, हाकातात सगळेच म्हणतात तसं — सान्-नो-गाऽऽ, हाय! ‘हाय’वर उचलायचं. शाळेत दोरी ओढताना तेच, देवाची पालखी उचलताना तेच, घरात बिछाना गुंडाळताना तेच. ओसाकात आली तेव्हा पहिल्या दिवशी तोंडातून गेलं आणि यार्ड हसून हसून लोळलं होतं. उचलेपर्यंत तुमच्याकडे जेवण होत असेल, असं कुणी म्हणालं होतं. तिने ते जिभेवरून काढून टाकलं होतं. आईची कंबर शेवटी इतकी गेली की तिला जमिनीवर बसून जेवता येईना. काय झालं विचारलं की म्हणायची, काही नाही गं, जरा आखडलीय. पोटाला फडकं आवळून बांधायची आणि कामाला जायची. काही नाही, काही नाही… म्हणत म्हणत गेली बिचारी.

दुसरा चौक. ठेवलं, वळवलं, पुन्हा पट्टा खांद्यावर. सगळं इतकं छान चाललं होतं, आता ती एकटीच तिन्ही मजले उतरवू शकेल असं वाटण्याइतकं छान. हिगाकी खाली बसला, हात लावले, डोळे वर केले. आणि तिने भरून श्वास घेतला आणि आनंदाने, अगदी मोकळ्या गळ्याने म्हणाली —

“सान्-नो-गाऽऽ…”

अगं आई गं! जीभ चावली तिने. पण हात दोघांचेही हलले नव्हते. त्याच्या अंगाला तो सूर ठाऊकच नव्हता. मग हिगाकी हसला. मोठ्यांदा, सकाळी यार्डात हसावा तसा.

“हाय म्हण की आता! अर्धं कशाला ठेवतेस? हाय म्ह—”

आणि ते हसणं मध्येच बंद पडलं.

संपलं नाही. बंद पडलं. तोंड उघडं, दात दिसताहेत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या तशाच, हसतानाच्या… आणि आवाज नाही, श्वास नाही. उजवा हात मशीनवरून सुटून कठड्यावर गेला होता आणि बोटं पांढरी पडली होती. मग हळूच, थोडा थोडा करून, त्याने श्वास आत घेतला, हात परत मशीनला लावला, चेहरा जागेवर आणला.

“चल,” तो म्हणाला. “बोल.”

ती बघत राहिली. हसलं की दुखतं. खोकलं की दुखतं, शिंक आली की दुखतं, आई शिंक यायला लागली की भिंत धरायची… सकाळी ट्रकमध्ये आपण खळखळून हसलो तेव्हा हा नुसता गालातच हसला होता का? जिने चढताना पुढे मला घातलं ते कौतुकाने की कठडा धरताना मी बघू नये म्हणून? आणि शब्द… शब्द मला दिला तो का? या विचाराशी ती थांबली, कारण त्याच्या पलीकडे जायला तिला नको होतं. शब्द म्हणताना पोट आवळावं लागतं. पोट आवळलं की कंबर चमकते.

“अगं, बोल ना. पट्टा खांद्यावर घेऊन किती वेळ बसू?”

“हिगाकीसान, कंबर कशी आहे?”

“योशी.”

“बोट दाखवून म्हणा.”

बोट न दाखवता म्हटलेलं योशी म्हणजे तोंडची वाफ, असं तोच म्हणायचा. बोट दाखवायचं तर हात मागे न्यायला हवा होता. हात मशीनवरच राहिला.

“दोन मजले,” तो शेवटी म्हणाला. “दोनच मजले राहिलेत. शब्द दे, मी उतरवतो. मग आठवडाभर हलकं काम घेईन, आईशप्पथ.”

“नाही.”

“कुसाका!”

“नाही म्हणजे नाही. तुमची कंबर धरलीय.”

“धरली नाही! चमकली जरा. माणसाला चमकत नाही?” त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला, वर बाई ऐकत होत्या म्हणून, किंवा ओरडणंही दुखत होतं म्हणून. “हे बघ हाकाता. तू नाही म्हणालीस तर वर कळवावं लागणार. कळवलंस की मी टेलिफोनवर. दिवसभर फोन उचलायचा! किती वजन असतं गं त्याला? तुझ्याबरोबर कोणी उभं राहत नव्हतं तेव्हा मी उभा राहिलो. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस.”

हे खरं होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यानेच तिचे डोळे भरून आले. म्हणून टाक ना, सेनो. एवढंसं तर आहे. कदाचित काहीच होणार नाही. दोन मजले, चार चौक, आणि खाली ट्रक, आणि हा हसत पाणी पिईल, आणि कुणाला काही कळणार नाही… त्याचे डोळे तसेच वर होते, वाट बघणारे. तिच्या लक्षात आलं, ती काहीही म्हणाली तरी तो उचलणार आहे. सेनो म्हटलं तर नोवर, हाय म्हटलं तर हायवर. कंबर मोडेपर्यंत उचलणार, कारण शब्द तिचा आहे आणि तो शब्द मोडणाऱ्यांतला नाही. मी म्हटलं की तो उठणार. आणि मी म्हटलं नाही की… सकाळपासून मला फक्त म्हणायचंच सुचत होतं.

“ठेवा!”

जिना दणाणला. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. आणि त्याचे हात सुटले — त्या क्षणी, तिच्या हातांबरोबर, एका वेळी. मशीन उचललेलंच नव्हतं, तरी सुटले. पट्टा खांद्यावरून घसरला. मग तो पायरीवर बसला, कठडा धरून, गरम पाण्यात उतरावं तसा हळूहळू, आणि आता ते लपवायचं त्याने सोडून दिलं होतं. धावून जाऊन त्याला धरावं असं तिच्या मनात आलं, पण ती गेली नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं.

“काय झालं हो? अडकलं का?” वरून निशिवाकीबाईंनी विचारलं.

“नाही बाई,” ती म्हणाली. “मी थांबवलंय.”

तिने खिशातून फोन काढला. यार्डाचा नंबर. घंटा वाजू लागली, एक, दोन… हा आता माझ्याशी बोलणार नाही. उद्या नाही, कदाचित कधीच नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं… आणि छातीत मात्र अजून ते उड्या मारत होतं, सकाळचंच, तेच, काही केल्या थांबत नव्हतं. इतकं सगळं झालं आणि तिला आनंद होत होता! तिला स्वतःची लाज वाटली. तिने हिगाकीच्या पाठीकडे पाहिलं — घामाने ओली, वाकलेली, पण धड होती ती, मोडलेली नव्हती — आणि तो आनंद आणखीच वाढला, आणि लाजही वाढली, आणि पलीकडे कुणीतरी फोन उचलून म्हणालं, “हां, बोला.”